एक

मोक्पोच्या बंदरात बोटी अजून बांधलेल्याच,
आमच्या वर्गाचा गट मात्र पहाटेपासून जागा.

हेवॉन गट सोडून गेली तीनदा.
तीनदा तिला ओढून परत आणलं,
हसऱ्या तोंडांच्या माळा लावून.
मग तिनं सोडणंच सोडलं.

आमच्याकडे निरोपाशेजारी पिवळा आकडा असतो:
अजून किती जणांनी वाचलं नाही, तो.
तिच्या डब्याचा फोटो, खाली
‘वास फोनमधूनही येतो’.
तेवीस. चौदा. सहा.
बघता बघता उरला एक.

मी काही लिहिलं नव्हतं.
आकडा माझ्यामुळेही उतरला होता.

रात्री तो एक तसाच.
दुसऱ्या दिवशीही.
रिकाम्या बाकावर तिचं खोडरबर.

सगळं तारखेसकट जपून ठेवलं,
मिन बाईंच्या टेबलावर फोन सरकवला.
“यात मीपण आहे,” म्हणालो,
पुढचं घशातच राहिलं.

संध्याकाळी फक्त तिला लिहिलं:
‘उद्या जिन्यापाशी थांबतो. डबा आण.
मला सुकी मासळी आवडते.’

शेजारी एक.
जेवलो, दात घासले. एक.

सकाळी आकडा नव्हता.
उत्तरही नव्हतं.
मी जिन्यापाशी जाऊन उभा राहिलो,
दोन चमचे घेऊन.