दारावरची पाळी

या महिन्यात दारावरची पाळी माझी.
मराठी उपासना सकाळी आठला,
दहाला हिंदीवाले येतात, म्हणून घाई.
एका हातात गीतांची पुस्तकं,
दुसरा रिकामा, शांतीसाठी.

"प्रभूची शांती असो," वैरागर मास्तरांना म्हणते
आणि मोजते: सतरावे.
"शांती असो," उजगरेबाईंना,
आणि बघते, तीच साडी, सलग तिसरा रविवार.
"जय ख्रिस्त, जय ख्रिस्त," पोरांना, चपला नीट लावा रे.
तोंड आपलं आपलं चालतं
कचऱ्याच्या गाडीवरच्या गाण्यासारखं;
गाडी इंदूरच्या कुठल्या गल्लीत आहे
याच्याशी गाण्याला काय!

फाटकाबाहेर पोह्यांच्या ठेल्यावरचा घनश्याम
येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडतो, "भिया, राम!"
मीही हात वर करते.
एकदा सेव भुरभुरता भुरभुरता त्याने विचारलं,
"आंटी, घुटना अब कैसा है?"
आत आम्ही सत्तर जण असतो.

मग केतुरा आली. माझी जाऊ.
परदेशीपुऱ्याहून, दोन रिक्षा बदलून.
सासऱ्यांचे मिलमध्ये अडकलेले पैसे सुटले
तेव्हापासून आम्ही एकमेकींना
फक्त शांती देतो.
बाकी काही देत नाही.
दोन वर्षं. बावन्न दुणे एकशे चार वेळा
बोटांची टोकं, ओल्या पापडासारखी.

मी हात पुढे केला.
"प्रभूची शांती असो, केतुरा."
तिने हात पदरातच ठेवला.
"आज नको, सलोमी," म्हणाली,
मागच्यांना ऐकू जाऊ नये इतकं हळू.
"माझ्याकडे नाहीये आज.
असेल तेव्हा देईन."
आणि पुस्तक घेऊन आत गेली.

अपमान वाटला, खोटं कशाला सांगू.
पहिलं गीत संपेपर्यंत कान तापलेले.
पाळकसाहेब कशावर बोलले, आठवत नाही.
पण अर्पणाची थैली फिरत माझ्यापाशी आली
आणि हात आत घालताना थबकले:
मूठ आत घालायची, उघडायची नाही,
बाहेर काढायची, थैली पुढे द्यायची,
वर आमेन म्हणायचं.
एकशे चार वेळा.

आठवडाभर डबे पुसता पुसता शोधत होते,
माझ्याकडे तरी किती आहे ती.
निघालं ते बहुतेक गुडघ्याचं दुखणं
आणि एक चेक,
ज्यावर माझं नाव नव्हतं.

पुढच्या रविवारी ती उशिरा आली.
पायऱ्यांपाशी उभी, डोळ्यांवर काळा चष्मा.
मी हात पुढे केला नाही. खाली उतरले.
"डोळ्याला काय झालं गं?"
"मोतीबिंदू. मंगळवारी काढला."
"एकटी गेलीस?"
"शेजारीण होती."
चष्म्यामागे ती कुठे बघत होती, कळेना.
"पायरी नीट दिसत नाही अजून."

दंड धरला मी तिचा. केवढी वाळलीय.
मागे रांग तुंबली, कुणीतरी म्हणालं,
"शांती असो, शांती असो, चला ना आत!"
आम्ही दोघी चढत होतो,
ती अंदाजाने, मी चांगल्या गुडघ्यावर भार देत.
तीनच पायऱ्या आहेत. बराच वेळ लागला.

त्या दिवशी गीतांची पुस्तकं
कुणी वाटलीच नाहीत.