दातांत दोरा

ईस्टरच्या आदल्या शनिवारी
बासमती मावशीनं खराटा सोडला
आणि तीन हीर निवडले,
वाकवून, डोळ्याशी धरून, पुन्हा वाकवून,
जणू लेकीसाठी स्थळं बघतेय.
उरलेला खराटा अंगणभर.
आई म्हणाली, "आता झाडू कशानं, जिभेनं?"

आमच्या कोरेन्टाइन किनाऱ्यावर
पतंगाला सहा कोन असतात.
हीर मधोमध आवळायचे, कडेनं दोरा फिरवायचा,
मग कागद. कागदावरून भांडण.
इंद्रौतीला जांभळा हवा, देविंद्रला क्रिकेट टीमचा मरून,
दुकानात होता फक्त पिवळा
आणि एक निळा, कोपऱ्यात झुरळांनी कुरतडलेला.
निळाच घेतला. अर्ध्या किमतीत.

डिंक विकत आणायचा नाही, हा आज्याचा नियम.
क्लॉडेटबाईंच्या कुंपणावरून भोकरं तोडायची,
चिमटीत दाबून बी उडवायची,
मग दिवसभर सगळ्याला सगळं चिकटतं:
कागदाला कोंबडीचं पीस,
माझ्या कोपराला मावशीचा केस.

आजा बाकावर. साखर कारखान्यात
बत्तीस वर्षं चरकापाशी उभा होता.
कारखाना बंद पडला
तेव्हा त्याचे कान कधीच बंद झाले होते.
तो बोट दाखवतो.
इथे ढिलं. इथे गाठ. इथे मूर्खपणा.

पतंग गायला हवा असेल
तर डोक्याशी कागदाची जीभ लागते, जाड, ताठ.
वह्या पाहिल्या. कॅलेंडर पाहिलं,
पण त्यावर लक्ष्मी.
आजा उठला, फ्रिजवरून
लाल शिक्क्याचं विजेचं बिल घेतलं
आणि फाडलं, सरळ रेषेत.
आई ओरडली. त्याला ऐकू आलं नाही,
किंवा आलं.

सोमवारी समुद्राच्या बांधावर
अख्खं गाव मान वर करून.
आमचा गिरक्या घेत चिखलात.
शेपूट हलकं.
देविंद्रचा शाळेचा टाय बांधला
(तो बिचारा खूश)
आणि गेला, गेला तो गेलाच.
वरून घूं...
भुंग्यासारखं, मी म्हणालो.
चरकासारखं, आई म्हणाली,
आणि गप्प झाली.

आज्यानं दोरा मागितला.
मला वाटलं, उडवायचाय.
त्यानं तो दातांत धरला,
डोळे मिटले,
जबडा बारीक थरथरू लागला.
"बोलतंय," म्हणाला, दात न उघडता.
कोण, आईनं हातानं विचारलं.
"वीज कंपनी."

बुधवारी लाइट तोडली.
आम्ही पायरीवर बसलो, डास मारत,
बोटं अजून चिकट.
अंधारात आज्यानं ओठ मिटून
घूं केलं, नेमक्या त्याच सुरात.
कुंपणापलीकडून क्लॉडेटबाई:
"अगं, इतक्या रात्री कोण उडवतंय?"