मोरीचा उतार

रोशनबी मखवाचा भाचा जहाजावर आहे.
त्याने फोटो पाठवले,
आफ्रिकेच्या काठावरच्या एका पडक्या गावाचे.
तटबंदी, मशिदीचा मेहराब, छप्पर कशालाच नाही,
आणि एका घराच्या मधोमध उगवलेली
एवढी थोरली गोरखचिंच.

आम्ही दोघी जिन्यात बसून पाहिले.
सातव्या मजल्यावर रेंज येत नाही.

पोवळ्याचा दगड, भाच्याने लिहिलं होतं,
वर पोवळंच भाजून केलेला चुना.
तिथे बंदराला बंदारी म्हणतात,
नाखव्याला नाहोधा.
मला हसू आलं.
म्हणजे माझ्या नाखवा आज्याने
त्या फाटकाशी जाऊन हाक मारली असती,
तर आतून कुणी ओ दिली असती.

रोशनबी हसली नाही.
दोन बोटांनी फोटो मोठा करत राहिली.
"ही मोरी. उतार बघ, पाणी कसं बाहेर काढलंय.
हा कोनाडा दिव्याचा.
बाई शहाणी होती."
आणि मग,
"ह्यांना कुणी उठवलं गं?"

ठाऊक नाही कुणाला.
विहीर आटली असेल,
गलबतं दुसऱ्या खाडीकडे वळली असतील.
नोटीस सापडलेली नाही.

आमची आहे. रेशनकार्डाच्या पिशवीत, घडी घालून.
माहीमच्या किल्ल्याची एक अख्खी भिंत
माझ्या स्वयंपाकघराची होती.
पलीकडून लाटा, अलीकडून फोडणी.
साहेब सभ्य होता, चहाही प्यायला.
"मावशी, हे अवशेष आहेत, जपायला हवेत."
आम्ही राहत होतो तोवर नव्हते.
टेम्पोत शेवटचं पिंप चढलं, तेव्हा झाले.

परवा पत्र्याच्या फटीतून पाहून आले.
वायरी काढल्यात, काजळी खरवडलीय,
भिंतीवर पांढऱ्या रंगाने सतरा लिहिलंय.
कॅलेंडरचा खिळा तेवढा राहिलाय.
कुणीतरी तो मोजेल, वहीत लिहील:
लोखंडी खिळा, एक. प्रयोजन अज्ञात.

रोशनबीने भाच्याला उलट विचारलंय,
मोरीच्या वर, हात पुरेल एवढ्या उंचीवर
भिंतीला भोक आहे का बघ,
समोरच्या भिंतीलाही असेल.
दोरी कुठेतरी बांधावीच लागते.

अजून एकच टिक.
जहाज बहुतेक भर समुद्रात असेल.