दंडाशी लग्न

पहिल्या तालमीला सरांनी बांबू हातात दिला.
म्हणाले, भक्ती दाखवू नकोस,
वजन दाखव.

इरण्णाने कुंभार वेशीतून आणलेला, साडेसहा फूट,
एका पेरावर चुन्याचा डाग.
त्या डागापाशी माझा उजवा गाल यायचा.

गोष्ट सोलापूरला पाठ आहे.
कुंभाराच्या मुलीचा जीव योग्यावर जडला,
तो म्हणाला, माझ्या दंडाशी लग्न कर.
तिने केलं.
मग एकदम होम, ज्वाळा, नमस्कार.
मधली रात्र कुणी सांगत नाही.
आमचं नृत्य त्या रात्रीचं, सत्तावीस मिनिटांचं.

तालीम बंद पडलेल्या कारखान्यात.
माग भंगारात गेले, फरशीवर
त्यांच्या तेलाचे चौकोन राहिलेत.
सर इंग्रजीत आठपर्यंत मोजतात,
मी खटक्यावर मोजते,
लहानपणी भिंतीपलीकडून यायचा तसा.

पेपरवाल्याने विचारलं, तुमची श्रद्धा आहे का?
आमच्या देव्हाऱ्यात मार्कंडेय,
भांडायला तेलुगू, परीक्षेला मराठी.
श्रद्धेचं काय सांगू,
मला बांबूचं वजन सांगता येतं:
सकाळी कमी, रात्री जास्त,
उभा धरला तर बापासारखा,
आडवा घेतला की झोपलेल्या पोरासारखा.
नवऱ्यासारखा कधीच नाही.
तेच तर नाचायचं होतं.

अक्षता म्हणून कागदाचे कपटे ठरले होते,
तांदळावरून पाय घसरतो.

प्रयोगाला आई तिसऱ्या रांगेत.
नरसूबाई, हजार विड्यांचा खाडा करून आलेली.
विंगेतून कपटे उडाले
आणि तिने उठून
ओट्यातले पिवळे तांदूळ फेकले, मूठ भरभरून,
खऱ्या लग्नात फेकतात तसे.
बाल्कनीतून कुणीतरी 'हर्र' म्हणालं.

माझी टाच सरकली.
पडताना बांबू सोडायचा असतो,
शिकवलं होतं.
मी नाही सोडला.
गुडघा फरशीवर, गाल चुन्याच्या डागावर,
पाच मोजेपर्यंत तशीच.
संगीत पुढे गेलं.
तेवढ्यात मला कळलं
की ती मुलगी रडली नसणार,
तिने आधी लाकूड चाचपलं असणार,
कुठे तासलंय, कुठे कूस आहे.

सर म्हणाले, पडणं ठेवूया, उद्याही.
मी म्हटलं, ठरवून नाही जमणार.

रिक्षात आईने माझा पाय मांडीवर घेतला,
तंबाखूच्या वासाच्या बोटांनी
टाचेत रुतलेला दाणा काढला,
खिडकीकडे धरून पाहिला.
'नोप्पिगा उंदा?' दुखतंय का, एवढंच.
मग दाणा पदराच्या टोकाला बांधला
आणि रिक्षावाल्याला म्हणाली,
सत्तर नाही, पन्नास.