पाचावरचा ठिपका

सावंग्याला मी तिसऱ्यांदा गेलो
ते डिशची छत्री वाकली म्हणून नाही.
वच्छलाबाई नन्नावरेंचा फोन होता:
"टीव्ही हाये का गेला, काही समजूनच नाही राहिलं.
येऊन पाय."

टीव्ही होता. चालूही होता.
निळ्या पडद्यावर एका कोपऱ्यात बारीक इंग्रजीत
'सिग्नल नाही' असं लिहून तो गप्प बसलेला.
मुका केलेला आणि बंद पडलेला,
दोघांची शांतता सारखीच असते,
हे बावीस वर्षं टीव्ही उघडून बसणाऱ्या मला
त्या दुपारी पहिल्यांदा ऐकू आलं.

"जुना डब्बा बरा होता," त्या म्हणाल्या,
"जवळ हात नेला का हातावरचे केस उभे राहायचे.
चालू हाये म्हणून सांगायचा बिचारा.
या चपट्याले काही मायाच नाही."

घरात रिमोट तीन.
टीव्हीच्या रिमोटवर, आवाजाच्या बटणाला
फेविक्विकनं चिकटवलेली तुरीची डाळ.
डिशच्या रिमोटवर टिकली.
तिसरा पुण्याच्या भाच्यानं आणलेल्या होम थिएटरचा,
त्याला काहीच नाही,
त्याची बटणं मोजता मोजताच हात थकतो.
उन्हाळ्यात डाळ निखळली,
मुंग्यांनी नेली असेल.
तेव्हापासून आवाज शोधायला जावं
तर चॅनल बदलतं,
आणि खुनी सापडायच्या ऐन वेळी
कोणीतरी साबण विकायला येतं.

मी पिशवीतून नवा काढला.
एकच, तिघांनाही हाकणारा.
बटणं ठसठशीत, आणि दूर दूर,
चौफुलीवर टोबलेल्या सरकीसारखी.
दाबलं की बोलतो: 'वॉल्यूम अप.'
बाई हसता हसता लवंडल्या.
"कोणाची पोरगी हाये रे ही?
चपराशावानी वर्दी देऊन राहिली."

कोड जुळवण्यात तास गेला.
मग मी शिकवायला बसलो:
हे पाहा, हे वरचं लाल...
आणि थांबलो.
"लाल म्हंजे कोठी?" त्यांनी विचारलं.
रागानं नाही. पत्ता विचारावा तसं.

माझं बोट धरून त्यांनीच पाचावर नेलं.
तिथे एक ठिपका. खसखशीएवढा.
जुन्या तिघांवरही होता.
मी हजारभर रिमोट विकले असतील,
मला कधी दिसला नव्हता.

"ही आपली हापशी," त्या म्हणाल्या.
"हापशीच्या वरतं दोन, म्हंजे शाळा.
खालतं आठ, इंगळ्याचं दुकान.
इकडं चार, तिथं कुत्रं बसते, जपून जाय.
आता सांग, आवाज कोठी?"
"सहाच्या पुढे," मी म्हणालो, "सहा ओलांडून."
"म्हंजे गिरणीपाशी. असं सांगाव ना मंग."

चहा झाल्यावर हळूच म्हणाल्या,
त्या पोरीले चूप करता येते का?
येते. केली.
"खून चालू असला का मधातच बोलते."

दोनशेची नोट पेरांनी मापून दिली.
परत दिलेले वीस पुन्हा मापले.
दिवाळीत भाचा येईल, गाणी लावील,
इनपुट बदलून तसंच सोडून गाडीत बसेल.
डोळेवाल्यांची खोड.
तेव्हा त्यांचा फोन येईल
आणि मी दारव्ह्यातून सांगेन,
शाळेच्या मागून निघा, दोन घरं सोडा, दाबा.

रात्री बायको म्हणाली, आवाज कमी करा जी.
दिवा मालवलेला. फोनचा टॉर्च लावायला हात गेला,
तो मागं घेतला.
अंगठा फिरवत राहिलो.
हापशी सापडली.
कुत्र्याच्या बाजूला न जाता निघालो,
सहा ओलांडलं,
आणि गिरणी चुकली.
चॅनल बदललं.
कोणीतरी साबण विकत होतं.