सात नंबर

नायगावच्या रात्रशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
सात नंबरचा कॉम्प्युटर सुरू झाला
आणि काळा पडला.
आधी कंपनीचा शिक्का दिसला, क्षणभर,
मग काहीच नाही.
बंद टीव्हीचं असतं तसलं काळं नव्हे,
मागे दिवा असलेलं काळं,
पापणी मिटल्यावर दिसतं तसं.

"मेला," जाईताई वैती म्हणाल्या.
उद्या त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा
आणि बोंबलांच्या वर्षभराच्या हिशेबाचा तक्ता
त्याच्याच पोटात.

म्हटलं, थांबा. कॅप्स लॉक दाबा.
हिरवा दिवा लागला.
परत दाबा. विझला.
म्हणजे जिवंत आहे, ऐकतोय.
दाखवता येत नाहीये, एवढंच.

दोष माझा.
शनिवारी सगळे गेल्यावर अपडेटला हो म्हणून बसले.
नवा कर्नल आला,
आणि ग्राफिक्स कार्डाचा जुना ड्रायव्हर त्याला ओळखेना.
कार्ड लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यातलं, साडेअकराशेचं,
कुणा गेम खेळणाऱ्या पोराचं उतरवलेलं;
पंख्यात त्याच्या घरच्या मांजराचे केस
अजून आहेत.

"ड्रायव्हर? आमचा तर टेम्पो चालवतो."
जाईताईंना काय सांगावं ह्याचा विचार करत होते,
तर मागच्या बाकावरून घागमामा,
एकतीस वर्षं प्रोजेक्टरच्या खोलीत काढलेले,
थिएटर बंद पडल्यावर दहावीला बसलेले:
"आवाज येतो, चित्र नाही. पब्लिक शिट्ट्या मारतं.
आत रीळ फिरतंच असतं हो,
कार्बन विझलेला असतो.
रिळाला उजेडाची खबर नसते, उजेडाला रिळाची.
मधे एक माणूस लागतो."
"तोच ड्रायव्हर," मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली,
पगार किती ते विचारलं.

मग कंट्रोल, ऑल्ट, एफ तीन.
तेही काळंच.
त्या काळ्यात माझं नाव टाइप केलं, एंटर,
पासवर्ड, एंटर,
मग रीबूटचा हुकूम, परत पासवर्ड.
चुकलं तरी कळणार नव्हतं,
बरोबर आलं तरी नाही.
पंखा थांबला. पुन्हा घुरघुरला.
शिफ्ट दाबून धरली होती, अंगठा पांढरा होईपर्यंत.

यादी आली.
त्या लांबलचक ओळीच्या शेवटी एकच शब्द जोडला,
नोमोडसेट. म्हणजे,
बाबा रे, नटू नकोस,
आहेस तसा बाहेर ये.

आला. अक्षरं गलेलठ्ठ,
वॉलपेपरवरचा डोंगर आडवा फुगलेला,
जाईताई हसल्या: "ह्याला सूज आलीय."

जुना ड्रायव्हर काढला.
नवा उतरवायला शाळेत इंटरनेट कुठलं?
फैयाजने फोन खिडकीच्या गजांत अडकवला,
तिथेच काय ती रेंज,
आणि दिवसभर पार्सलं पोचवून उरलेला डेटा
थेंब थेंब आत येऊ लागला.
साठ टक्के. बासष्ट.
खाली कुणीतरी उसाच्या रसाचं चाक बंद करत होतं.
बासष्ट.
फैयाज फोनला हात न लावता
फोनकडे बघत होता.

शेवटचं रीबूट.
पुन्हा तेच काळं.
मी कारण नसताना अकरापर्यंत मोजलं.
बाराव्याला डोंगर आला, सडपातळ.

टाळ्या वगैरे काही नाही.
जाईताई खुर्ची ओढून बसल्या, तक्ता उघडला,
बोट लावत उभे रकाने तपासू लागल्या.
जून, जुलै रिकामे.
"भरायचे राहिले का?"
"बंदी असते ना मॅडम. होड्या वर ओढलेल्या.
तिथे शून्य लिहायचं, का मोकळं सोडायचं?"
पुस्तकात काय आहे ते मला माहीत होतं.
मोकळं सोडा, म्हटलं.

पावणेदहाला शिपायाने किल्ल्या वाजवल्या.
मी फळ्यावर लिहिलं: अपडेट करू नये.
खाली दोन रेघा ओढल्या, दुसरी स्वतःसाठी.
घागमामा सगळ्यांत शेवटी निघाले,
जाता जाता सात नंबरपाशी वाकले,
कॅप्स लॉक दाबलं,
दिवा बघितला,
परत दाबलं.