आतली बाजू

केळीचा ट्रक जॅकवर,
खाली चावदस, छातीवर मोबाईल.
इटलीचा तो पोरगा, दावीदे,
आजही तेराव्यावरूनच सुटला.

सातव्या वर्षी कार्ट. बाप वेल्डर.
दोन करंडक. मग स्पॉन्सर हटला,
गाडी दुसऱ्याला गेली;
अख्खं वर्ष हेल्मेट मांडीवर घेऊन बसला.
चावदसला हे तोंडपाठ,
हिंगोण्याच्या मामाला बैलांचे दात असावेत तसं.

"झालं का रे भो? दिल्लीचा माल आहे."

नट आवळले.
ट्रायल घेतो म्हणून सावद्याबाहेर काढला.
सुकीच्या पुलाआधी वळण आहे,
तिथे ब्रेक उशिरा दाबला.
जरासाच.

मागे घड कुरकुरले.
आरशात पाहिलं: धूळ,
एक कुत्रं,
मागे कोणीच नाही.
तरी त्याने आतली बाजू सोडली नाही.